साक्षीदाराला ठाण्यात का बसवता?

संपादक महोदय,

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत उतरले, तेव्हापासून कोकण किनाऱ्यावरील गस्त आणि बंदरांवरची तपासणी वाढली. ती आवश्यकच आहे आणि आम्ही किनाऱ्यावरची माणसे तिला मनापासून सहकार्य करतो. मात्र गेल्या पावसाळ्यात माझ्या सत्तरी ओलांडलेल्या काकांना, ते केवळ साक्षीदार असताना, लेखी नोटीस न देता ठाण्यात दिवसभर बसवून ठेवण्यात आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार ६० वर्षांवरील पुरुषाला किंवा कोणत्याही वयाच्या स्त्रीला जबाबासाठी राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनीच घरी यायचे असते. मुलगे मुंबईत आणि घरी फक्त म्हातारी माणसे, अशा आमच्या वाड्यांत हे कुणाला ठाऊक असणार? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला, पण ते चित्रण मागता येते हेही गावात कोणी सांगत नाही. किमान हे कलम मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे, अशी जिल्हा पोलीस अधीक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, जि. रत्नागिरी