मगांची खरी किंमत सांगणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणता आणि हवापाण्यावर घसरता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

आमच्या घरमालकीण आजी वृद्धाश्रमात राहायला निघाल्या, तेव्हा कपाटभर बिअर स्टाइनचं, म्हणजे बिअर प्यायच्या झाकणवाल्या जर्मन मगांचं, काय करायचं हा प्रश्न होता. जुनं सामान घेणारा एक जण सगळे एकरकमी उचलायला तयार होता आणि इथे जर्मनीतल्या झारलांडमध्ये असे मग घरोघरी, त्यामुळे आजींनाही त्यांचं अप्रूप नव्हतं. तुम्ही आलात आणि एकेक मग आधी उलटा केलात. चित्राकडे नजरसुद्धा टाकली नाहीत.

एकाच्या तळाला मेटलाख गावच्या कारखान्याचा बुरुजाचा ठसा, त्याखाली साच्याचा नंबर आणि बाजूला दोन बारीक आकडे दिसले. ९८ म्हणजे १८९८, असं तुम्ही सहज सांगून गेलात. मेटलाख आमच्यापासून जवळच, पण बॉख घराण्याने तिथला जुना बेनेडिक्टाइन मठ १८०९ मध्ये घेऊन कारखाना थाटला आणि १९२१ च्या आगीत मगांचे साचे आणि कृती जळून गेल्या, हे मला तुमच्याकडूनच कळलं. त्यानंतर नखाची परीक्षा. चित्राच्या कडांवर नख अडलं तर ते कोरीव रेषेचं काम, सुळकन घसरलं तर झिलईखालचं छापील. दोन्ही मेटलाखचेच, दोन्ही जुने, पण बाजारात पहिल्याला मान जास्त.

'वेस्ट जर्मनी' छापलेले मग तुम्ही न बोलता खिडकीत नेऊन ठेवलेत. १९४९ ते १९९० मधला माल, फुलं ठेवायला उत्तम! बडवायझर या अमेरिकन बिअरचा घोडागाडीच्या चित्राचा मगही त्यांच्याच रांगेत गेला. ब्राझीलमध्ये लाखांनी बनलेला माल तो, दुर्मीळ कुठून असणार?

सगळ्यात अवघड प्रसंग रेजिमेंटच्या, म्हणजे सैनिकाच्या पलटणीची आठवण म्हणून केलेल्या, मगाचा. आजींच्या लेखी तोच घरातला ठेवा. सैनिकाचं नाव, सोबत्यांची यादी, झाकणावर शिपाई, सगळं जिथल्या तिथे. तुम्ही तो उजेडासमोर धरलात आणि तळाच्या पातळ पोर्सिलेनमधून एक विवस्त्र बाई हसताना दिसली. तुम्ही इतके संकोचलात की काय बोलावं तुम्हाला सुचेना. अस्सल मगांच्या तळाशी निरोप घेणारं जोडपं किंवा असंच काही घरगुती चित्र असतं, हे चित्र पर्यटकांसाठी केलेल्या नकलांचं, असं तुम्ही अडखळत सांगितलंत. आजी खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, नवऱ्याने तो कुठून आणला असेल ते आत्ता कळलं.

पण मी पत्र लिहितेय ते १८९८ च्या मगासाठी. त्यावर तुमची नजर खिळली होती, ते मी पाहिलं. हा साचा तुमच्या संग्रहात नाही, हे तुम्ही आपणहून सांगितलंत. पन्नास युरो पुढे केले असते तरी आजींनी दुवा देऊन तो दिला असता. त्याऐवजी तुम्ही बोटाने टिचकी मारून आवाज ऐकलात, निळ्या टॉर्चखाली डागडुजी शोधलीत, प्यूटरचं (कथलाच्या मिश्रधातूचं) झाकण मूळचंच आहे ना ते बिजागरीपाशी तपासलंत. आणि मग आजींना सांगितलंत, की हा लिलावात जायला हवा. वर हेही सांगितलंत, की तरुण संग्राहक उरले नाहीत, मेटलाखचे भाव वीस-तीस वर्षांपूर्वीचे राहिले नाहीत, तेव्हा दुकानात मागतात तो आकडा धरू नका, लिलावात प्रत्यक्ष विकले गेले तेच आकडे बघा. भाव फुगवूनही सांगितला नाहीत आणि पाडूनही नाही. घेणाराच पारखी असला की असं क्वचित घडतं, काका.

मग लिलावात गेला. तुम्ही लिहून दिलेल्या अंदाजाच्या आतबाहेरच पैसे आले. ते आजींनी नातीच्या शिक्षणाला दिले.

कपाटातला तो राखाडी-निळा, वेस्टरवाल्ड या जर्मन कुंभारकामाच्या भागातला मग आजींनी तुमच्यासाठी बाजूला काढलाय. झाकण नाही, कानाला चीर आहे, तुमच्याच म्हणण्याप्रमाणे विकायला निरुपयोगी. पैसे काढू नका, त्या रागावतील. रविवारी दुपारी चारनंतर त्या भेटतात. काकूंनाही आणा, आजींना तुमच्याकडच्या चकल्यांची चव लागली आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची भाडेकरू