वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ४४ मिनिटांचं गाणं

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी रॉकच्या जुन्या अल्बमांवरचा लेख वाचला. लेख चांगलाय, पण त्यात जेथ्रो टल या इंग्लिश बँडच्या 'थिक ॲज अ ब्रिक' वर फक्त दीड ओळ आहे आणि त्या दीड ओळीत 'प्रोग्रेसिव्ह रॉकची थट्टा' एवढंच म्हणून लेखक पुढं गेलेत (प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक). ते काही मनातनं जाईना म्हणून पत्र लिहायला बसलोय. थट्टा म्हणून सुरू झालं होतं हे खरंय, मी नाकारत नाही, पण मी हा अल्बम ३५ वर्षांच्या वर ऐकतोय आणि अजून पहिली गिटार वाजली की हातातलं काम बाजूला ठेवतो.

झालं होतं असं की १९७१ ला टलचा 'ॲक्वालंग' आला आणि समीक्षक म्हणायला लागले की हा कन्सेप्ट अल्बम आहे, म्हणजे सगळी गाणी एकाच कल्पनेत ओवलेली. इयन अँडरसन, जो गातो, बासरी वाजवतो आणि गाणीही लिहितो, तो सांगून थकला की तसं काही नाहीये, गाणी सुटी सुटी आहेत. कुणी ऐकेना. मग त्यानं ठरवलं की हवाच आहे ना तुम्हाला कन्सेप्ट अल्बम, तर घ्या. मार्च १९७२ मध्ये हे आलं. अख्ख्या अल्बममध्ये एकच गाणं, जवळजवळ ४४ मिनिटांचं, रेकॉर्ड पलटावी लागते म्हणून तेवढा मधे खंड. शब्द कुणाचे तर जेराल्ड बॉस्टॉक नावाच्या ८ वर्षांच्या पोराच्या कवितेतले. असा पोरगा कुठं नव्हताच, सगळं अँडरसननं लिहिलेलं, पण रेकॉर्डवर पोराचं नाव छापलं आणि कितीतरी लोकांना तो खराच वाटला.

मी ऐकलं ते पुण्यात हॉस्टेलवर, कॅसेटवर. रूममेटनं कुणाकडनं तरी भरून आणलेली ९० ची कॅसेट होती, तिची एक बाजू ४५ मिनिटांची, त्यामुळं अख्खा अल्बम एकाच बाजूत बसला होता आणि शेवटी मिनिटभर नुसती खरखर. त्यामुळं मधे जिथं आवाज विरत जातो आणि परत उठतो तिथं रेकॉर्डची बाजू संपते हे मला कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं, मला वाटायचं गायकानं श्वास घेतलाय.

सुरुवात एकदम साधी आहे, एकटी अकूस्टिक गिटार, मधूनच बासरी येऊन जाते, आणि तो गातो तेही समोर बसून बोलल्यासारखं. तीनेक मिनिटं असं चालतं आणि मग मार्टिन बारची इलेक्ट्रिक गिटार आणि जॉन इव्हनचा हॅमंड ऑर्गन एकदम तुटून पडतात. माझे आजोबा भजनात पखवाज वाजवायचे, त्यांच्यामुळं मला कुठलंही गाणं लागलं की मांडीवर मात्रा मोजायची सवय. इथं मोजताच येईना. चार म्हणून धरावं तर पाच निघतात, जरा जम बसतो तोवर बॅरीमोर बार्लोचे ड्रम्स तिसरीकडंच नेतात. चार पाच दिवस रोज रात्री तेच ऐकलं आणि मग हळूहळू कळायला लागलं की जुनी सुरावट परत परत येतीये, कधी बासरीवर, कधी ऑर्गनवर, कधी दुप्पट लयीत, आणि प्रत्येक वेळी ओळख पटली की बडा ख्याल ऐकताना मुखडा समेवर आल्यावर होतं ना तसंच व्हायचं. शेवटी सगळा गलका थांबतो आणि तीच पहिली एकटी गिटार परत येते. अंगावर काटा येतो, आजही.

आणि हे सगळं घाईत झालंय बरं का. डिसेंबर १९७१ मध्ये लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत रेकॉर्डिंग चाललं तेव्हा गाणं पूर्ण लिहूनही झालेलं नव्हतं, अँडरसन पहाटे उठून पुढचा तुकडा रचायचा आणि त्या दिवशी बाकीचे तो बसवून वाजवायचे. मूळ रेकॉर्डिंग साधारण दोन आठवड्यांत उरकलं. कव्हरला मात्र त्याहून जास्त वेळ लागला, कारण कव्हर म्हणजे एका छोट्या गावाचं १२ पानी वर्तमानपत्र आहे! ७ जानेवारी १९७२, शुक्रवारचा अंक. गावच्या बातम्या, खेळाचं पान, राशिभविष्य, शब्दकोडं, ठिपके जोडून चित्र काढा, छोट्या जाहिराती, सगळं आणि त्यातच गाण्याचे सगळे शब्द.

माझ्या भाच्यानं इंग्लंडहून जुनी एलपी आणली तेव्हा ते पहिल्यांदा हातात आलं. जमिनीवर पसरून दुपारभर वाचत बसलो होतो, घडीवर कागद पिवळा पडलेला आणि आधीच्या मालकानं पेन्सिलीनं निम्मे ठिपके जोडून सोडून दिलेले, ते मी तसेच ठेवलेत. पहिल्या पानावर बातमी आहे की जेराल्डला कवितेचं पहिलं बक्षीस मिळालं होतं, पण टीव्हीवर वाचन झाल्यावर तक्रारी आल्या, बालमनोविकार तज्ज्ञांनी सांगितलं की पोराचं मन ठीक नाही, म्हणून बक्षीस काढून घेतलं आणि १२ वर्षांच्या एका मुलीच्या धार्मिक निबंधाला दिलं.

मी सातवीत असताना 'माझे गाव' या निबंधात दुष्काळात आमच्या गावची विहीर आटली आणि लोक टँकरभोवती कसे भांडले ते लिहिलं होतं. गुरुजींनी वही परत दिली, म्हणाले असलं लिहायचं नसतं रे, आणि तालुक्याच्या स्पर्धेला झुळझुळ ओढ्याचा निबंध गेला. ती बातमी वाचताना मला ती वही आठवली. सबंध गाणं त्याच्यावरच आहे, लहान मूल मोठं होताना घरचे, शाळा, समाज त्याला कसं साच्यात घालतात त्याच्यावर. नावाचा अर्थच मुळी डोक्यात दगड भरलेला माणूस. म्हणून मला ते 'थट्टा' म्हणणं टोचलं. थट्टा समीक्षकांची केली असेल, पोराची नाही केलेली.

अजून एक, लेखात बँडच्या नावाचा खुलासा नव्हता. जेथ्रो टल हा १८ व्या शतकातला इंग्लिश शेतीतज्ज्ञ, यानं ओळीत बी पेरायचं घोड्याचं यंत्र केलं. हे मी आईला सांगितलं होतं, ती वडलांच्या तिफणीमागं आयुष्यभर चाड्यावर मूठ धरून चाललेली. ती म्हणाली, ओळीत पेरलं तरच कोळपता येतं. त्या दिवसापासून माझ्या कॅसेटला घरात 'तिफणवाल्याची कॅसेट' म्हणतात.

अँडरसन डिसेंबर २००८ मध्ये मुंबईत अनुष्का शंकरबरोबर वाजवून गेला, २६/११ मुळं आधीचा कार्यक्रम रद्द झाला होता, मग हल्ल्यात सापडलेल्यांच्या मदतीसाठी परत उभा केला. मला जाता आलं नाही याची हळहळ अजून आहे.

तर विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत या अल्बमला निदान एक कॉलम द्या, आणि त्यात हे नक्की लिहा की मोबाईलवर पळवत पळवत तुकडे ऐकू नका, रात्री जेवणं झाल्यावर दोन्ही भाग एका बैठकीत ऐका. कव्हरचे फोटो हवे असतील तर मी बाराही पानांचे काढून पाठवतो, पेन्सिलीच्या ठिपक्यांसकट.

आपला नेहमीचा वाचक,
जि. सातारा