कॅथेटर अडण्याचा दोष केवळ हाताचा नसतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हृदयशस्त्रक्रिया उशिरा सुरू झाली आणि ‘कॅथेटर बसायला वेळ लागला’ एवढेच बाहेर कळले, की नातेवाइकांना डॉक्टरांच्या कौशल्याची शंका येते. त्यांची काळजी रास्त आहे. मात्र भूल दिलेल्या रुग्णात हा कॅथेटर, म्हणजे हृदयातून फुप्फुसाच्या रोहिणीपर्यंत (धमनीपर्यंत) न्यायची बारीक नळी, नेमका कशामुळे अडतो, हे त्यांना आधी कोणी सांगितलेलेच नसते. या विषयात आयुष्य घालवलेला भूलतज्ज्ञ म्हणून त्याबद्दल लिहीत आहे.

फुप्फुसाच्या रोहिणीतील दाब मोजणारा हा कॅथेटर जेरेमी स्वान आणि विल्यम गॅन्झ यांनी १९७० साली जगापुढे आणला. मानेच्या उजव्या शिरेतून तो आत सरकवतात आणि टोकाजवळच्या इवल्याशा फुग्यात दीड मिलिलिटर हवा भरतात. पुढे हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून रोहिणीपर्यंत त्याला मुख्यतः रक्ताचा प्रवाहच वाहून नेतो. साहजिकच हृदय दुबळे असेल, उजवे कप्पे फुगलेले असतील, त्यांच्यामधली झडप गळत असेल किंवा फुप्फुसातील रक्तदाब वाढलेला असेल, तर कितीही सराईत हात असला तरी फुगा जागच्या जागी घुटमळतो.

भुलीने यात भर पडते. जागा रुग्ण सांगितल्यावर खोल श्वास घेतो, त्यामुळे हृदयाकडे येणारे रक्त वाढते आणि फुगा पुढे सरकायला मदत होते. भुलीखालच्या रुग्णाकडून हे करून घेता येत नाही. उलट व्हेंटिलेटर दाबाने हवा आत ढकलत असल्याने छातीतला दाब वाढून परतणारे रक्त घटते, आणि भुलीच्या काही औषधांनी हृदयाचा जोरही कमी होतो. टेबलाचा कलही महत्त्वाचा असतो. शीर भरून यावी म्हणून सुई घालताना डोके खाली ठेवतात. पण कॅथेटर उजव्या जवनिकेतून, म्हणजे हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्यातून, पुढे न्यायच्या वेळी डोक्याकडची बाजू थोडी वर करून रुग्णाला किंचित उजवीकडे कलते केले, तर तो सुलभ जातो आणि हृदयाचे ठोकेही कमी बिघडतात. घाईगर्दीत टेबल पुन्हा कलवायचे राहून जाते, हे मी पाहिले आहे.

पुढे सारी नजर मॉनिटरवरच्या लहरींवर असते. जवनिकेतून रोहिणीत शिरताच वरचा दाब जवळपास तेवढाच राहतो आणि खालचा दाब वर चढतो. मानेच्या उजव्या शिरेतून कॅथेटर साधारण ४० ते ५० सेंटिमीटर आत गेल्यावर हा बदल दिसायला हवा. तो न दिसता कॅथेटर रेटत राहिल्यास आत वेटोळे होऊन गाठ बसू शकते; म्हणून फुगा रिकामा करून मागे घेणे आणि पुन्हा प्रयत्न करणे हीच सावधगिरी, आणि तिला वेळ लागतो. अन्ननलिकेतून इको करण्याची सोय असेल, तर टोक कुठे अडले आहे हे बरेचदा प्रत्यक्ष दिसते.

आज हा कॅथेटर सरसकट वापरला जात नाही, आणि ते योग्यच आहे. पण जिथे तो घालायचे ठरते, तिथे हृदयशस्त्रक्रियेच्या संमतीपत्रात त्याचा उल्लेख ‘इतर उपकरणे’ या दोन शब्दांत गुंडाळू नये. तो का हवा, या रुग्णात कशामुळे अडू शकतो, ठोके अनियमित होण्यासारखे कोणते धोके आहेत आणि प्रयत्न कधी थांबवला जाईल, हे भूलतज्ज्ञाने आदल्या दिवशी नातेवाइकांसमोर बसून मराठीत सांगावे आणि तसे लेखी नोंदवावे, अशी सर्व रुग्णालयांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ, मिरज