आईची झोप आणि आईचे इम्प्लांट

तीर्थरूप आई व बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आईच्या खालच्या दाढेच्या जागी बसवलेल्या इम्प्लांटचे टाके व्यवस्थित निघाले, हे तुम्ही फोनवर सांगितलेत. त्याच बोलण्यात तुम्ही असेही म्हणालात की, स्मृतिभ्रंशामुळे आजी रात्री वारंवार उठून दाराकडे जाते, आईची झोप होत नाही आणि डोळा लागला तरी ती करकरा दात खाते. ही दुसरी गोष्ट दाताच्या उपचारापासून वेगळी नाही, असे मला वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आई, तुझ्या जबड्यातला टायटॅनियमचा स्क्रू सध्या फक्त रोवलेला आहे. येत्या काही महिन्यांत तुझे स्वतःचे हाड त्याच्या पृष्ठभागाशी एकजीव होईल, तेव्हाच त्यावर कॅप बसवता येईल. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर हे उपचार केले, तेव्हापासून सारी भिस्त हाडाच्या या भरून येण्यावरच आहे. मन सतत ताणाखाली असले की शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले राहते, जखम भरून काढणाऱ्या पेशींचे काम मंदावते आणि रक्तातली साखरही चढते.

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९५ मध्ये, घरातील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर एक लहानशी, सारख्या मापाची जखम केली आणि ती भरून येण्यास किती दिवस लागतात ते पाहिले. तेवढ्याच वयाच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या स्त्रियांपेक्षा त्यांना सरासरी नऊ दिवस अधिक लागले. आई, त्या स्त्रिया म्हणजे तूच आहेस, असे मला ते वाचताना वाटत राहिले. त्याच गटाने पुढे १९९८ मध्ये दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवरील जखमा तपासल्या, तेव्हा सुट्टीच्या तुलनेत परीक्षेच्या दिवसांत त्या भरायला सुमारे ४० टक्के जास्त वेळ लागला, आणि ती तर तरुण मुले होती. हे प्रयोग इम्प्लांटवरचे नाहीत, आणि ताण आला की इम्प्लांट निकामी होतेच असेही नाही. परंतु भरून येण्याची शक्ती मूळचीच वयानुसार कमी होत असताना तिच्यावर हा अधिकचा भार कशासाठी घालायचा?

दात खाण्याचा धोका कॅप बसल्यावर अधिक जाणवेल. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंची एक पातळ गादी असते. ती दाब झेलते आणि दाब वाढला की जबड्याला सूचना देते. इम्प्लांटला ही गादी नसते, त्यामुळे रात्रीचा सगळा जोर थेट स्क्रूवर आणि कॅपवर येतो. स्क्रू सैल होतो, कॅपचा टवका उडतो. रात्री दातांवर घालायच्या संरक्षक आवरणाविषयी, म्हणजे नाइट गार्डविषयी, डॉक्टरांना आत्ताच विचारावे. शिवाय दमलेल्या माणसाकडून रात्रीचा ब्रश राहून जातो, हे तर तू स्वतःच सांगतेस. साचलेल्या थरामुळे इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजते. त्या टप्प्यावर ती बरी होऊ शकते, मात्र आतले हाड झिजू लागले की उपचार अवघड होतात, आणि हे पुष्कळदा दुखत नसल्यामुळे वेळेवर कळत नाही.

सासूबाईंचे आपणच करायचे, हा तुझा आग्रह मी जाणते आणि त्याचा मला आदर आहे. तरीही दादाने आणि मी ठरवले आहे की, रात्रपाळीसाठी एक मावशी ठेवायच्या आणि त्यांचा खर्च आम्ही दोघांनी वाटून घ्यायचा. आजी त्यांना रुळेपर्यंत दादा शनिवार-रविवार तिथे राहील. दिवसाचे सारे तुझ्याच हाती असेल. रात्री मात्र तू आतल्या खोलीत, दार लावून झोपावेस.

बाबा, पुढच्या भेटीला आईच्या सर्व गोळ्यांची यादी न्यावी, विशेषतः झोपेच्या किंवा मनाच्या आजारासाठी दिलेल्या, कारण त्यांतील काहींमुळे तोंड कोरडे पडते. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणीही त्याआधी करून घ्यावी. मावशींना कोणत्या तारखेपासून बोलवायचे, ते आईशी बोलून रविवारपर्यंत कळवा.

आपली,
मंजिरी