फरशी उचलते, कारण खालचा थर कोणी पाहत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की ठरलेल्या तक्रारी सुरू होतात. मध्यरात्री फटाका फुटावा तसा आवाज येतो आणि हॉलमधल्या दोन-चार फरश्या तंबूसारख्या उभ्या राहतात. कुणाला भूकंप वाटतो, तर कुणी टाइल कंपनीला शिव्या घालतं. टाइलचा दोष यात क्वचितच असतो. काँक्रीटचा स्लॅब वर्षानुवर्षं थोडा थोडा आकसत राहतो, थंडीत आणखी आकसतो. व्हिट्रिफाइड (भट्टीत भाजून काचेसारखी घट्ट केलेली) फरशी तेवढी आकसत नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत ती ठासून बसवलेली असेल आणि खालची पकड कच्ची असेल, तर तिला वर उसळण्यावाचून जागाच उरत नाही.

म्हणून बोलायला हवं ते फरशीखालच्या थराबद्दल. आपण टाइलचा रंग निवडायला चार दुकानं पालथी घालतो आणि हा थर मात्र ‘मिस्त्री बघून घेईल’ म्हणून सोडून देतो. मिस्त्रीला पैसे मिळतात ते लावलेल्या फरशीच्या चौरस फुटावर. झाडण्यात, लेव्हल घेण्यात गेलेला दिवस त्याच्या खिशातून जातो. त्याला एकट्याला दोष देऊन भागणार नाही.

काम सुरू होतं ते स्लॅब साफ करण्यापासून, आणि इथेच सगळ्यात जास्त चालढकल होते. गिलाव्याचा पडलेला माल छिन्नीने काढावा लागतो. पीओपीचे आणि पुट्टीचे डाग तर खरवडून पूर्ण घालवावे लागतात. ओलाव्यात पीओपीतलं जिप्सम आणि सिमेंट यांची रासायनिक क्रिया होते, थर फुगतो आणि सुटतो. स्लॅब गुळगुळीत असेल तर टाचे मारावेत (छिन्नीने खाचा पाडाव्यात), धूळ झाडावी आणि आदल्या दिवशी पाणी मारून ठेवावं. माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) टाकताना स्लॅब ओलसर हवा, पण पाण्याचं डबकं नको. त्याच वेळी सिमेंटचा घोळ (पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट) झाडूने घासून लावावा आणि तो सुकायच्या आत माल पसरावा.

आता लेव्हल. तयार फरशी जिथे येणार तिथून बरोबर १ मीटर वर सगळ्या भिंतींवर रेघ मारून घ्यावी. लेझर नसला तरी पाण्याची नळी चालते, फक्त नळीत हवेचा बुडबुडा नको. मग रेघेपासून स्लॅबपर्यंत दर मीटरला माप घेऊन कागदावर लिहावं. समजा, सर्वांत कमी माप १०४५ मिमी आणि सर्वांत जास्त १०७२ मिमी आलं. फरशी १० मिमी धरली तर मालाचा थर एका टोकाला ३५ आणि दुसऱ्या टोकाला ६२ मिमी. हे ठीक आहे. पण कुठे १०२८ आलं तर मालाला उरले १८ मिमी. तेवढ्यात धड थर बसत नाही, मिस्त्री तिथे नुसता घोळ ओतून वेळ मारून नेतो आणि काही महिन्यांत तीच फरशी पोकळ वाजते. अशा वेळी रेघच वर सरकवावी लागते. दाराची उंची आणि बाथरूमचा उंबरा त्याआधी बघून घ्यावा. उलट थर ७५ मिमीच्या वर जात असेल तर खोलगट भाग आधी बारीक खडीच्या काँक्रीटने भरून घ्यावा. जाड रेतीमाल नंतर दबतो.

माल १:५ असावा, म्हणजे एक भाग सिमेंटला पाच भाग वाळू. १०० चौरस फुटांना सरासरी २ इंच थरासाठी साधारण ३ पोती सिमेंट आणि १८-१९ घनफूट वाळू लागते. साइटवर एकच पोतं संपलेलं दिसलं तर काय ते समजावं. मुठीत दाबल्यावर गोळा टिकावा आणि पाणी गळू नये, इतकाच ओला माल हवा. सुकी रेती-सिमेंट पसरून वर घोळ ओतण्याची पद्धत सर्रास चालते. तो घोळ वरच गोठतो, खालची रेती वर्षानंतरही हाताने उकरता येते.

व्हिट्रिफाइड फरशी पाणी शोषते जेमतेम ०.५ टक्के, त्यामुळे सिमेंटच्या घोळाला तिच्या पाठीवर धरायला काही नसतं. तिच्यासाठी थर आधी रंध्याने (गवंड्याच्या लाकडी फळीने) सपाट करून ७ दिवस पाणी मारावं, शक्य तर ३ आठवडे थांबावं. मग २ मीटरची अॅल्युमिनियम पट्टी फिरवावी. खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर ती त्याच वेळी भरून किंवा घासून काढावी. त्यानंतर अॅडहेसिव्ह (फरशी चिकटवायचा तयार मसाला), तेही दातेरी थापीने सलग. चार कोपऱ्यांना चार गोळे लावणं म्हणजे मध्ये पोकळी ठेवणं. फरशीच्या पाठीवरची पांढरी पूड आधी पुसायला हवी. भिंतीलगत ८ मिमी फट मोकळी ठेवावी, ती स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली) झाकली जाते. दोन फरश्यांमध्ये २-३ मिमीचे स्पेसर (सारखं अंतर राखणारे तुकडे) लावावेत. ‘जॉइंट दिसायला नको’ हा हट्ट घरमालकाचाच असतो, हेही कबूल करायला हवं.

जुन्या इमारतींत आणखी एक धोका आहे. जुनी फरशी तशीच ठेवून तिच्यावर २ इंच माल आणि नवी फरशी घातली की प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १२५ किलो कायमचं ओझं वाढतं. राहत्या घराच्या स्लॅबसाठी माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरलेला असतो, हे लक्षात घ्या. जुनी फरशी घट्ट असेल तर अॅडहेसिव्हने वर लावलेली नवी फरशी ३० किलोच्या आसपास भरते.

नव्या घरात रेरा (स्थावर संपदा) कायद्याच्या कलम १४ (३) नुसार ताबा घेतल्यापासून ५ वर्षांत कामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पोकळ वाजणारी फरशी त्यात बसते. नाण्याने ठोकून खुणा करा, फोटो काढा आणि लेखी कळवा. नूतनीकरण करून घेणाऱ्यांना हे संरक्षण नाही. त्यांनी निदान ठेकेदाराच्या दरपत्रकात ‘तळ तयार करणे’ ही वेगळी ओळ, थराची जाडी आणि मालाचं प्रमाण लिहून घ्यावं, आणि पट्टी फिरवून झाल्याशिवाय फरशीची पेटी फोडू देऊ नये.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, ठाणे