मापाचा कागद

कोल्हापूर

प्रिय बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस की, तुमच्या टेक्सासातल्या फोर्ट वर्थमध्ये जिकडे तिकडे ज्या जस्टिनचे नाव बुटांवर दिसते तो मूळचा कोण, आणि बाबांना त्याच्याविषयी काही ठाऊक आहे का. दुकानात गिऱ्हाईक होते, म्हणून ‘सावकाश सांगतो’ म्हणून मी फोन ठेवला. खरे तर हे सगळे फोनवर सांगण्याजोगे नाही. शिवाय ते सांगताना आपल्या दुकानातली माझी एक जुनी चूकही तुला सांगायची आहे, आणि ती तोंडाने सांगण्यापेक्षा लिहिणे मला सोपे जाते.

हर्मन जोसेफ जस्टिन १८५९ साली इंडियाना राज्यातल्या लाफाएट गावी जन्मला. घरचा धंदा सिगार वळण्याचा होता, त्यात त्याचे मन रमले नाही. वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास, १८७७ मध्ये, तो टेक्सासला गेन्सव्हिल येथे आला आणि बूट दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला. दोन वर्षांनी त्याने स्वतःचे बस्तान बसवले ते थेट रेड नदीच्या काठी, स्पॅनिश फोर्ट नावाच्या गावात. नाव तेवढे स्पॅनिश. १७५९ साली तिथे तटबंदी केली होती ती टावोवाया या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी, आणि चालून आलेल्या स्पॅनिश फौजेला तिथून मार खाऊन परतावे लागले होते. पुढे आलेल्या वसाहतवाल्यांनी ते अवशेष पाहून गावाला हरलेल्यांचेच नाव दिले. नदीपलीकडे इंडियन टेरिटरी, म्हणजे मूळनिवासी जमातींसाठी राखलेला मुलूख होता. कोमांची या मूळनिवासी जमातीचा पुढारी क्वाना पार्कर याच्या टोळीने शस्त्रे खाली ठेवली १८७५ मध्ये, म्हणजे जस्टिनने दुकान मांडले तेव्हा त्या गोष्टीला जेमतेम चार वर्षे झाली होती.

अशा ठिकाणी बुटांचे दुकान कोण काढील, असे तुला वाटेल. पण गावापासून थोडे पश्चिमेला, रेड रिव्हर स्टेशनजवळ, चिझम ट्रेल नदी ओलांडत होती. १८६७ पासून टेक्सासची गुरे या वाटेने कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत हाकत नेली जात. एका कळपात दोन-तीन हजार जनावरे आणि त्यांच्यामागे डझनभर घोडेस्वार असत. दिवसाकाठी पंधरा ते चोवीस किलोमीटर चाल, आणि तीही आठवड्यांमागून आठवडे. अशा माणसाचा बूट म्हणजे त्याचे अवजारच. टाच उंच, कारण घोडा उधळला तर पाय रिकिबीतून आरपार जाऊन माणूस फरफटत जाऊ नये. चवड्याकडे निमुळता, म्हणजे पाय न बघता रिकिबीत शिरतो. वरचा पोंगा पोटरीपर्यंत, काट्याकुट्यांपासून पाय वाचवण्यासाठी. त्या पोंग्यावर ज्या नक्षीदार टाक्यांच्या ओळी तुला दिसतात त्या केवळ शोभेच्या आहेत असे समजू नकोस. टाक्यांनी कातडे ताठ राहते, घोट्याशी त्याचा चोळामोळा होत नाही. हे तू माझ्या हातून शिकलीच आहेस, आपल्या कापशी चपलेच्या वेणीचे टाकेही अंगठ्याला धरून ठेवण्याचे काम करतातच.

जस्टिनकडे भांडवल नव्हते. गावातल्या न्हाव्याने त्याला पस्तीस डॉलर उसने दिले, त्यातून त्याने कातडे आणि दोरा-मेण आणले, अशी हकीकत आहे. बुटाचा जोड तो ८.५० डॉलरला विकायचा. त्या काळी गुरे हाकणाऱ्याला महिना ३० ते ४० डॉलर मिळत, म्हणजे एका जोडासाठी आठवड्याची मजुरी तर जायचीच. आणि ती मजुरी हातात पडायची कॅन्ससला गुरे विकल्यावर. तेव्हा व्यवहार असा बसला की, उत्तरेकडे जाताना गडी दुकानात माप देऊन जायचा आणि परतताना पैसे मोजून बूट पायात घालून जायचा. मधल्या महिन्यांत दुकानदाराचे कातडे, मेहनत आणि पैसा अडकलेला. गडी नदीत बुडाला, जनावरांच्या चेंगराचेंगरीत सापडला किंवा नुसताच दुसऱ्या वाटेने घरी गेला, तर तो बूट दुसऱ्या कुणाच्या पायाचा नव्हे. मी चाळीस वर्षे गल्ल्यावर बसतो आहे, तरी एवढी उधारी सोसण्याची माझी छाती झाली नसती.

१८८७ मध्ये त्याने गावातल्या डॉक्टरच्या मुलीशी, ॲनी ॲलनशी, लग्न केले. त्याच सुमारास त्याच्या धंद्याची वाटच बदलू लागली होती. कुरणांना काटेरी तारा लागल्या, टेक्सासच्या गुरांबरोबर जनावरांचा ताप येतो म्हणून कॅन्ससने १८८५ मध्ये दारे बंद केली, आणि रेल्वे स्पॅनिश फोर्टला वगळून सुमारे पंचवीस किलोमीटर दक्षिणेकडून गेली. रुळांच्या कडेला नवे गाव उभे राहिले, त्याला क्वानाचे वडील पेटा नोकोना यांचे नाव मिळाले. १८८९ मध्ये जस्टिन बिऱ्हाड आणि दुकान घेऊन नोकोनाला आला. ज्या वाटेच्या भरवशावर दुकान थाटले ती वाटच बंद झाल्यावर पुष्कळ दुकानदार तिथेच बसून जुन्या दिवसांच्या गप्पा मारतात; आपल्या बाजारातही असे दोघेतिघे तुला माहीत आहेत.

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते. नोकोनाला रेल्वे होती, टपाल होते, पण माप देणारा पाय दारात येत नव्हता. गडी आता दूरदूरच्या कुरणांवर विखुरले होते. ॲनीने त्यावर तोड काढली. तिने मापाचा कागद आणि मोजपट्टी टपालाने पाठवायला सुरुवात केली. कागदावर उभे राहून पायाची कड आखायची, मग चवडा, पायाची कमान, टाच, घोटा, पोटरी यांचे घेर कुठे आणि कसे घ्यायचे ते सूचनेप्रमाणे मोजून लिहायचे, आणि कागद परत पाठवायचा. बूट टपालाने घरी. ज्या माणसाला जस्टिनने जन्मात पाहिले नाही त्याच्या पायात त्याचा बूट बसू लागला. कातडे कमावणे, फर्मा म्हणजे पायाचा साचा, टाच, टाके हे सगळे इतरांनाही येत होते. दूरच्या माणसाचा पाय घरबसल्या ओळखण्याची युक्ती मात्र ॲनीची होती, आणि माझ्या मते ते दुकान त्या कागदावरच मोठे झाले.

त्यांना सात मुले झाली आणि हाताशी आलेले प्रत्येक मूल कामाला जुंपले गेले. १९०८ मध्ये जॉन आणि अर्ल या मुलांना भागीदार केले आणि पाटी लागली, ‘एच. जे. जस्टिन अँड सन्स’. त्या पाटीत ॲनी नाही. मुलगी एनिडही नाही, जी बाराव्या वर्षापासून कारखान्यात बुटांच्या पोंग्यांवर टाके घालत होती आणि एका वाढदिवसाच्या समारंभात नाचली म्हणून शाळेने काही दिवस काढून टाकल्यावर शाळेत परत गेलीच नाही. वडील १९१८ मध्ये वारले. १९२५ मध्ये भावांनी कारखाना तुमच्या फोर्ट वर्थला हलवायचे ठरवले. धंद्याच्या हिशेबाने ते चूक नव्हते. मोठे शहर, बँका, कारागीर, रेल्वे, सगळे तिथे होते. एनिडचे म्हणणे एवढेच होते की वडिलांना गाव सोडणे आवडले नसते. पाच हजार डॉलर कर्ज काढून ती मागे राहिली आणि तिने नोकोना बूट कंपनी सुरू केली. बाईने बूट करायचे हेच अनेकांना पटेना. तिने घरात भाडेकरू ठेवले, कोळसा विकला, गाडीत नमुने घालून पश्चिम टेक्सासभर दुकानोदुकानी फिरली. पुढे आसपास तेल सापडले, विहिरींवरच्या कामगारांना मजबूत बूट हवेच होते, आणि तिचा जम बसला. १९८१ मध्ये तिची कंपनी पुन्हा भावांच्या घराण्याच्या कंपनीत मिसळली. ती १९९० मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी गेली. नोकोनाचा कारखाना १९९९ मध्ये बंद झाला आणि पुढल्याच वर्षी सगळा जस्टिन उद्योग बर्कशायर हॅथवे या बड्या अमेरिकन गुंतवणूक कंपनीने विकत घेतला. हा शेवटचा भाग मला फारसा रुचत नाही, म्हणून एवढ्यावरच आवरतो.

आता माझी चूक. तुझ्या आजीने मापांच्या वह्या ठेवल्या होत्या, हे तुला ठाऊक नाही. लांब, लाल कापडी बांधणीच्या, हिशेबाच्या वह्यांसारख्या. प्रत्येक पानावर पेन्सिलीने आखलेले दोन पाय, आणि कडेला तिच्या बारीक अक्षरात शेरे: ‘डावा अंगठा बाहेर’, ‘टाचेला भेग, तळ मऊ घ्यावा’, ‘पावसाळ्यात पाय सुजतो’. मुंबई-पुण्याला गेलेली गिऱ्हाईके पोस्टकार्ड टाकायची, ‘आजीबाई, मागच्यासारखीच एक’, आणि चप्पल पार्सलने जायची. तिने ॲनी जस्टिनचे नावही कधी ऐकले नव्हते. पुढे सहा-सात-आठ नंबरचा तयार माल आला, आजी गेली, मी माळा साफ करायला काढला आणि त्या सगळ्या वह्या रद्दीत घातल्या. किलोच्या भावाने. तुझ्या आईने तेव्हा विचारले होते, ‘नक्की ना?’ मी म्हणालो होतो, ‘आता कोण माप देतो?’ गेल्या महिन्यात जुन्या पेटीच्या तळाशी एक वही निघाली, पाने वाळवीने कडेला खाल्लेली. बाविसाव्या पानावर तुझ्या आईचे पाय आहेत, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचे.

तू म्हणालीस की तिथे पायाला बसेल अशी चप्पल मिळत नाही. सोबत दोन कोरे कागद पाठवत आहे. एकेका कागदावर एकेक पाय, पूर्ण वजन टाकून उभी राहा, बसून आखू नकोस. आखताना दुसऱ्या कुणाला पेन्सिल धरायला सांग, कारण आपण वाकलो की पाय सरकतो. पेन्सिल सरळ उभी धरायची, तिरकी नाही. चवड्याचा आणि कमानीचा घेर सुताने घेऊन ते सूत त्याच कागदाला चिकटव. आणि हे सगळे संध्याकाळी कर. दिवसभर चालल्यावर पाय थोडा भरतो, सकाळच्या मापाची चप्पल चारनंतर चावते.

तुझी आई बरी आहे. आशीर्वाद.

तुझा,
बाबा