लिमिट घालायचीच असेल तर पुरवणी मागण्यांवर घाला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांमध्ये एकांनी लिहिलं होतं की राज्य सरकारच्या खर्चावर राज्यघटनेतच टक्क्यांची मर्यादा घालून टाका, दरवर्षी बजेट अमुक टक्क्यांच्या वर वाढताच कामा नये, म्हणजे निवडणुकीच्या तोंडावरची खैरात आपोआप बंद होईल. त्यांचा संताप खोटा नाहीये. पण माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात बिलं तपासण्यात गेली, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबलं तर बिनधास्त कात्री लावा, फक्त मधला बीडीएसचा, म्हणजे बिलाच्या चिठ्ठीचा, भाग तेवढा ठेवा.

आधी घटनेत आत्ता काय आहे ते बघू, कारण बऱ्याच जणांना वाटतं की काहीतरी लिमिट असणारच. नाहीये. रकमेची नाही, टक्क्यांची नाही, वाढीची तर नाहीच. घटनेने फक्त वाट ठरवून दिलीय. कलम २०२ प्रमाणे सरकारने वर्षाचा जमाखर्च विधिमंडळापुढे ठेवायचा, २०३ प्रमाणे खात्यांच्या मागण्या विधानसभेने मंजूर करायच्या, मग २०४ प्रमाणे विनियोजन विधेयक, म्हणजे पैसे काढायला परवानगी देणारं विधेयक, पास करून घ्यायचं आणि ते झाल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून दमडी काढता येत नाही. बरं, राज्यपालांचं मानधन, हायकोर्टाच्या न्यायाधीशांचे पगार, कर्जावरचं व्याज हे तर 'भारित' खर्चात, त्यावर मतदानच होत नाही. म्हणजे कर्ज वाढलं की व्याज वाढणार आणि त्या व्याजावर आमदार हात वर करून नाही म्हणूच शकत नाहीत. उरलेल्या पैशांवर पहारा कोणाचा, तर विधानसभेचा. सगळी भिस्त त्या एका पहाऱ्यावर.

आता त्या पहाऱ्यात भोक कुठे पडलंय ते सांगतो. कलम २०५. मार्चमध्ये दिलेले पैसे एखाद्या कामाला कमी पडले, किंवा बजेटमध्ये नव्हतीच अशी नवीन सेवा वर्षाच्या मध्ये निघाली, तर सरकारने पुन्हा सभागृहापुढे येऊन पुरवणी मागणी करायची, असं ते कलम आहे. चांगलं कलम आहे, गरजेचं आहे. पण आपल्याकडे त्याचं काय झालंय बघा.

२०२४ साल घ्या. लोकसभा निवडणूक होती म्हणून २७ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प आला, महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चाला सरकारची कमाई कमी पडते ती, दाखवली ९,७३४ कोटी. मग २८ जूनला अतिरिक्त अर्थसंकल्प, त्यात लाडकी बहीण वगैरे घोषणा, आणि तूट झाली २०,०५१ कोटी. चार महिन्यांत डबलच्या वर. एवढ्यावर थांबले का, तर नाही, त्याच अधिवेशनात दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते आणि ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या टेबलावर! मग डिसेंबरला नागपुरात ३५,७८८ कोटी, मग मार्च २०२५ मध्ये आणखी ६,४८६ कोटी. बेरीज करा, १ लाख ३७ हजार कोटींच्या पुढे जाते, आणि मूळ बजेट होतं ६ लाख १२ हजार कोटींचं. पाचव्या हिश्शापेक्षा जास्त. पुढच्या वर्षी वाटलं जरा शिस्त येईल, तर २०२५-२६ च्या ७ लाख कोटींच्या बजेटवर पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटी आणि हिवाळीत ७५,२८६ कोटी. हिवाळी अधिवेशन किती दिवसांचं, ८ ते १४ डिसेंबर. आठवडाभरात पाऊण लाख कोटी मांडले पण आणि पास पण झाले.

अर्थखात्यातले लोक लगेच म्हणतील की हा ढोबळ आकडा आहे, निव्वळ भार कमी असतो, यात नुसत्या समायोजनाच्या नोंदी असतात, केंद्राच्या योजनांचा हिस्सा असतो, केंद्राने दिलेलं पन्नास वर्षांचं बिनव्याजी कर्ज असतं. मान्य, मी पण तेच काम केलंय. आणि डिसेंबरच्या मागण्यांतला मोठा हिस्सा अतिवृष्टीच्या मदतीचा होता हे पण खरंय, सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या भूम-परांड्यात शेतातलं पीक सोडाच, मातीच वाहून गेली, त्या पैशाला कोण कशाला विरोध करेल, पुरवणी मागणी असते ती याच्यासाठीच. लाडकी बहीण बरोबर की चूक याच्यातही मला पडायचं नाहीये, आमच्या गल्लीत कितीतरी घरांना त्या दीड हजाराचा खरा आधार आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. पूर येणार हे मार्चमध्ये कळत नाही. पण योजना जाहीर करणारे तुम्ही, बजेट मांडणारे पण तुम्हीच, मग २८ जूनला माहीत नव्हतं आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अचानक कळलं असं कसं होईल? त्या जुलैच्या मागण्यांत एकट्या महिला व बालविकास खात्याचे २६ हजार कोटींच्या वर होते. ज्या दिवशी सगळा महाराष्ट्र टीव्हीसमोर बसतो त्या दिवशी तूट बरी दिसली म्हणजे झालं, खरा आकडा मागाहून, पुरवणी पुस्तिकेत, जी कोणी उघडत नाही.

मग प्रश्न येतो की कर्जाला आणि तुटीला काही कायदा आहे की नाही. आहे ना. २००५ चा आपला वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा आहे, राजकोषीय तूट, म्हणजे वर्षाचा खर्च भागवायला जेवढं कर्ज काढावं लागतं ती, राज्याच्या उत्पन्नाच्या (सरकारच्या नव्हे, सगळ्या राज्याच्या) ३ टक्क्यांच्या आत ठेवायची. आणि सरकार ती ठेवतंय, हे मुद्दाम सांगतो. २०२५-२६ ची तूट धरली होती १ लाख ३६ हजार कोटी, राज्याचं उत्पन्न ४९ लाख कोटींच्या वर, म्हणजे पावणेतीन टक्के. कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी, तेही उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आतच. कागदावर मंत्री छाती ठोकून सांगू शकतात की आम्ही मर्यादेत आहोत.

पण ही मर्यादा पाळली कशी जाते ते मंत्रालयात नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी दिसतं. सरकारी हिशोब रोखीचा असतो. पैसे खात्यातून गेले तर खर्च, नाही गेले तर खर्चच नाही. ठेकेदाराने रस्ता केला, इंजिनिअरने एमबी, म्हणजे कामाच्या मोजमापाची वही, लिहिली, बिल झालं, पण निधी आला नाही म्हणून बिल कपाटात, तर त्या वर्षीच्या तुटीत ते बिल कुठेच येत नाही. म्हणजे ३ टक्क्यांची लिमिट पाळायचा सगळ्यात सोपा उपाय कोणता, तर पेमेंट करू नका. राज्यभर ठेकेदार थकीत बिलांसाठी आंदोलनं करताहेत ती काय उगाच? मोठे ठेकेदार तग धरतात, मरतो तो छोटा, जो जलजीवनच्या, म्हणजे नळपाण्याच्या योजनेच्या, कामाला घरातलं सोनं गहाण टाकून पाईप आणतो.

आणि बीडीएस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बीम्स म्हणून सरकारची ऑनलाईन सिस्टिम आहे, निधी वाटपाची. कुठलंही बिल कोषागारात जायच्या आधी त्या सिस्टिममधून एक चिठ्ठी निघावी लागते, तिला बीडीएस म्हणतात, आणि त्या लेखाशीर्षावर, म्हणजे खर्चाच्या त्या खात्यावर, पैसे सोडलेले नसतील तर ती निघत नाही. आता एखादे मास्तर रिटायर झाले, किंवा मुलीचं लग्न काढलं म्हणून भविष्य निर्वाह निधीतले पैसे मागितले. ते पैसे कोणाचे? त्यांचेच, महिन्याच्या महिन्याला पगारातून कापलेले. प्रस्ताव मंजूर, सह्या झालेल्या, सगळं ओके, पण बीडीएस बंद. मास्तर दारात उभे राहून विचारणार, "साहेब, निघाली का बीडीएस?" आणि आम्ही स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवणार, शिल्लक शून्य. पुढच्या आठवड्यात या. लग्न होऊन जायचं, माणूस सावकाराचं व्याज भरत बसायचा, मग कधीतरी चिठ्ठी निघायची. आणि त्याच ऑफिसात ३१ मार्चला रात्री साडेआठला वरून फंड सुटायचा, की बारा वाजायच्या आत उडवा नाहीतर लॅप्स होईल. तेव्हा कुठल्या लेखाशीर्षावर सुटायचा ते विचारू नका.

सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालात जवळजवळ दरवर्षी लिहिलेलं असतं की अमुक खात्याने पुरवणी मागणी करून पैसे घेतले आणि वर्षाअखेर मूळ तरतूदसुद्धा पूर्ण खर्च झाली नाही, दुसरीकडे तमुक खात्याने मंजुरीपेक्षा जास्त खर्च केला जो २०५ खालीच नंतर नियमित करून घ्यायचा असतो आणि ते वर्षानुवर्षं तसंच पडून असतं. बोंब कोणी मारत नाही.

म्हणून त्या वाचकांच्या टक्क्याच्या सूचनेची मला भीती वाटते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने हे करून बघितलंय. १९९२ मध्ये लोकांनी मतदान करून राज्याच्या घटनेतच घातलं, टॅबोर म्हणतात त्याला, महागाई आणि लोकसंख्या जेवढी वाढेल तेवढाच महसूल सरकारने वापरायचा, वरचे पैसे करदात्यांना परत, आणि कर वाढवायचा तर पुन्हा लोकांचं मत घ्यायचं. ऐकायला झकास. पण २००१ नंतर मंदीत महसूल घसरला, आणि पुढची लिमिट त्या घसरलेल्या आकड्यावरूनच मोजायची होती, त्यामुळे मंदी सरली तरी खर्च जागेवर येईना, शेवटी २००५ मध्ये लोकांनीच मतदान करून पाच वर्षं ते बाजूला ठेवलं. दुसरं म्हणजे कर वाढवता येत नाही म्हटल्यावर फी वाढवायच्या वाटा निघाल्या. आपल्याकडे तर ठेकेदार आणि मास्तर आयतेच आहेत, वरून नवी लिमिट आली की खाली आणखी चार बीडीएस बंद. त्यात दुष्काळाचं वर्ष आलं की महसूल पण कमी आणि खर्च पण जास्त, तेव्हा तो टक्का धरून बसायचं का?

केंद्राने लगाम खेचावा असंही काही लोक म्हणतात. तो आहेच. कलम २९३(३) प्रमाणे केंद्राचं कर्ज डोक्यावर असेपर्यंत राज्याला नवीन कर्ज काढायला दिल्लीची परवानगी लागते, आणि ते कर्ज कुठल्या राज्यावर नाहीये? केरळने याच्यावरूनच सुप्रीम कोर्टात दावा लावला, एप्रिल २०२४ मध्ये कोर्टाने अंतरिम दिलासा नाकारला आणि मामला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे पाठवला. दिल्लीच्या हातातला लगाम कोणासाठी घट्ट आणि कोणासाठी ढिला, यावर भांडण होणारच. त्याच्यापेक्षा २९३(१) वाचा. राज्याच्या कर्जाला मर्यादा घालणारा कायदा राज्याच्या विधिमंडळाने करायचा, असं तिथे सरळ लिहिलंय. केंद्रासाठीच्या अशाच कलमावर बोलताना बाबासाहेबांनी संविधान सभेत अपेक्षा पण बोलून दाखवली होती की संसद कायदे करून सरकारच्या कर्जाला मर्यादा घालेल. म्हणजे हत्यार दिलेलं आहे, घटनादुरुस्तीची काही गरजच नाही.

मला विचाराल तर २००५ च्या कायद्यातच दुरुस्ती करा. वर्षभराच्या पुरवणी मागण्या मूळ बजेटच्या ठराविक हिश्शाच्या वर जाणार नाहीत, त्यात नैसर्गिक आपत्तीचा आणि केंद्राकडून आलेल्या पैशांचा हिशोब वेगळा धरा. नवीन योजना फक्त मूळ बजेटमध्ये, मधेच काढायची तर तिला पैसे कुठून आणणार, कोणत्या खात्याचे कापणार, हे त्याच कागदावर लिहा. अचानक गरज पडली तर आकस्मिकता निधी आहेच, मूळ १५० कोटींचा, सरकार वटहुकूम काढून तो वाढवत असतंच की. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बजेटसोबत प्रत्येक खात्याच्या थकीत बिलांची यादी सभागृहात ठेवायची आणि ती रक्कम तुटीत धरून मग ३ टक्के मोजायचे. हे एवढं एक झालं ना तरी पावणेतीनाचा आकडा कुठे जातो बघा. कोणतंच सरकार हे आपणहून करणार नाही, सत्तेत कोणी का असेना, पुरवणी मागण्या सगळ्यांनीच वाढवल्यात आणि विरोधात बसले की सगळेच त्याच्यावर तावातावाने भाषणं करतात.

तुमच्याकडून एक अपेक्षा आहे. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी पुरवणी मागण्यांचा आकडा 'विक्रमी' म्हणून तुम्ही पहिल्या पानावर छापताच. त्याच्या शेजारी एक छोटा चौकोन द्या, ज्या खात्याने पैसे मागितले त्याला मार्चमध्ये किती दिले होते, त्यातले आजपर्यंत किती खर्च झाले आणि त्या खात्याची देणी किती थकलीत. पहिले दोन आकडे बीम्सच्या साईटवर तुमच्या वार्ताहराला दहा मिनिटांत सापडतील. तिसरा खात्याकडे मागावा लागेल, देणार नाहीत, तर 'माहिती दिली नाही' एवढं तरी त्या चौकोनात छापा.

आपला,
एक निवृत्त लेखा कर्मचारी, धाराशिव